कोकणात राहून एल.एल.बी.: दाखल्यांपासून सनदेपर्यंत

दरवर्षी मे महिन्यात, चाकरमानी गावी आले की, माझ्या पडवीत दोन-तीन आईबाप मुलांना घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "वकिलीला घालायचं तर मुंबईलाच पाठवायला लागेल ना?" मी स्वतः लग्नानंतर, मुलगी दुसरीत असताना एस.टी.ने जा-ये करून तीन वर्षांची एल.एल.बी. केली आणि आज तालुक्याच्या कोर्टात उभी राहते. माझं उत्तर असं की मुंबईला जायलाच हवं असं नाही, पण घराजवळ शिकायचं तर तयारी आधीपासून आणि नीट करायला हवी. ती कशी, ते इथे क्रमाने लिहिते.

कुठला अभ्यासक्रम, कुठलं कॉलेज

बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा. बी.ए. होईल की नाही अशी धाकधूक असलेल्या घरात मी पाच वर्षांचाच सुचवते. एकदा आत गेलं की मधे दुसरी प्रवेश परीक्षा नाही. घरची बाग, दुकान किंवा मासळीचा धंदा सांभाळणाऱ्याला मात्र आधी पदवी आणि मग तीन वर्षं हे जास्त झेपतं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवीत खुल्या वर्गासाठी ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के लागतात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला हीच टक्केवारी बारावीची धरतात. वयाची अट सध्या नाही. माझ्या वर्गात पोस्टातून निवृत्त झालेले एक काका होते आणि नोट्स त्यांच्याच सर्वांत नेटक्या असत.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवते. मुक्त विद्यापीठाची पदवी चालते, पण ती दहावी-बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षेवर घेतलेली असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे ती कायद्याच्या प्रवेशाला पात्र नाही. आमच्याकडे शाळा मधेच सुटलेल्या बायकांनी मुक्त विद्यापीठातून मोठ्या जिद्दीने पदवी घेतलेली असते. त्यांना हे तीन वर्षांनी, सनदेच्या म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या वेळी कळू नये, म्हणून पहिल्याच दिवशी सांगते. आधी बारावी द्या, मग पुढे चला.

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. १८५७ साली स्थापन झालेलं हे सरकारी विद्यापीठ, आणि पदवी त्याचीच मिळते, मग तुम्ही चर्चगेटला शिका की कुडाळला. अलिबागला अ‍ॅड. दत्ता पाटील विधी महाविद्यालय आहे, रत्नागिरीत श्रीमान भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आणि कुडाळात व्हिक्टर डान्टस लॉ कॉलेज. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राध्यापक होते आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. तिथे नंबर लागत असेल आणि मुंबईत राहायची सोय असेल तर जरूर जा, कारण सरकारी कॉलेजची फी कमी आहे आणि हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर. पण नालासोपाऱ्याला मामाच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाचवं माणूस होऊन, रोज चार तास लोकलमध्ये घालवून शिकण्यात मला काही कमाई दिसत नाही. तेवढ्याच वेळात इथला विद्यार्थी लेक्चर आटोपून दुपारी कोर्टात बसू शकतो.

कॉलेज निवडताना तीन गोष्टी स्वतः जाऊन विचारा: बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षापर्यंत आहे का, वर्ग किती वाजता भरतात, आणि फीपैकी शिकवणी शुल्क किती नि इतर शुल्क किती. शेवटचा प्रश्न शिष्यवृत्तीसाठी महत्त्वाचा आहे, त्याबद्दल खाली सांगते.

कागद: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

सी.ई.टी.त, म्हणजे प्रवेश परीक्षेत, चांगले मार्क पडूनही दाखल्यापायी जागा हातची गेलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून अभ्यासाच्याही आधी कागदांना लागा. परीक्षेचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात. तुम्ही गणपतीच्या सुट्टीत सुरुवात करा. त्या दिवसांत सगळी भावकी गावात असते आणि ज्याच्या ट्रंकेत आजोबांचे कागद आहेत तो काकाही.

अधिवासाचा दाखला तहसीलमधून, सेतूत किंवा आपले सरकारच्या पोर्टलवर अर्ज करून मिळतो. उत्पन्नाचा दाखलाही तिथलाच. जातीचा दाखला प्रांताधिकारी देतात. नॉन-क्रिमी लेयरवरची मुदतीची तारीख बोट ठेवून वाचा, संपत आला असेल तर नवा काढा. आर्थिक दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्यांचा दाखलाही त्या-त्या वर्षाचाच लागतो.

खरी कसोटी जात वैधतेची. हे प्रमाणपत्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. समितीला मानीव तारखेच्या आधीचा पुरावा हवा असतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला तुमचं घराणं कुठे राहत होतं आणि कागदावर त्याची जात काय लिहिली होती, हे दाखवायचं असतं.

कोकणात हा पुरावा कुठे सापडतो? आधी गावच्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. आजोबांचं किंवा चुलत आजोबांचं नाव जनरल रजिस्टरात असतं, मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन उतारा घ्या. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, शोधा. मुंबईतच जन्मलेल्या पिढीचा पुरावा गिरणगावातल्या महापालिकेच्या शाळेत असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्यासोबत वंशावळ शपथपत्रावर द्यायची असते. ती करताना प्रत्येक माणसाचं नाव कागदांवर जसं आहे तसंच लिहा. 'गोविंद' एका ठिकाणी 'गोंद्या' असेल, आडनावाच्या जागी वाडीचं नाव असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र आधीच जोडा. सख्ख्या काकाच्या किंवा चुलतभावाच्या मुलांची वैधता झालेली असेल तर तिची प्रत मागून घ्या, ती मोलाची असते. घरात जमिनीवरून अबोला असला तरी या एका कागदासाठी त्यांच्या दारात जा. माझ्या एका ज्युनिअरने तसं केलं. चुलत्याने कागद दिला, वर चहाही पाजला.

लग्न झालेल्या मुलींसाठी वेगळं सांगायचं आहे. दहावीपासून पदवीपर्यंतची कागदपत्रं माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं, हा घोळ आमच्या निम्म्या बायकांचा असतो. अर्ज एकाच नावाने भरा, शक्यतो जे गुणपत्रिकेवर आहे त्याच. जोडीला विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद तयार ठेवा. जातीचा दाखला माहेरचाच, वडिलांच्या कागदांवरून काढायचा असतो.

सी.ई.टी.

ही परीक्षा राज्याचा सी.ई.टी. कक्ष घेतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट वेगळी, तिच्यात गल्लत करू नका. परीक्षा संगणकावर होते, अलीकडे १२० प्रश्न आणि दोन तास. विषय म्हणजे कायद्याचा कल, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्क, इंग्रजी, आणि पाच वर्षांवाल्यांना थोडं गणित. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजीची भीती असते. तिच्यावर माझा उपाय असा: संविधानाची मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवा आणि मूलभूत हक्कांचा भाग, म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५, रोज एक-एक करून दोन्हीत वाचा. महिन्याभरात कायद्याचे शब्द दोन्ही भाषांत ओळखीचे होतात आणि कायद्याच्या कलाचा अभ्यासही त्यातच होतो. महागड्या क्लासची गरज मला कधी वाटली नाही. गेल्या वर्षांचे प्रश्न घड्याळ लावून सोडवा, शेवटच्या महिन्यात तरी संगणकावर सोडवा, कारण माऊस धरायची सवय नसेल तर दोन तास पुरत नाहीत.

कॅप: पावसाळ्यातली परीक्षा

निकाल लागला म्हणजे प्रवेश झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. त्यानंतर केंद्रीभूत प्रवेशासाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी करावी लागते. कागद अपलोड करायचे, त्यांची ऑनलाइन छाननी होते, त्रुटी निघाली तर ठरलेल्या मुदतीत सुधारायची. मग गुणवत्ता यादी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम, मग फेऱ्या.

हे सगळं साधारण जुलैपासून पुढे चालतं, म्हणजे आमच्याकडे ऐन पावसात. माझ्या पहिल्या वेळी पसंतीक्रम भरायच्या शेवटच्या दिवशी वादळात पोल पडला, दोन दिवस लाइट नाही, मोबाइलला रेंज नाही. ती फेरी हुकली ती हुकलीच. चूक माझीच होती, मी शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं. तेव्हा मुदत सुरू झाली की पहिल्या दोन दिवसांत तालुक्याला जाऊन भरून टाका. कागदांची स्कॅन केलेली फाइल पेनड्राइव्हवर आणि ई-मेलवरही ठेवा. अर्जात मोबाइल नंबर स्वतःचा द्या, सायबरवाल्याचा नको.

पसंतीक्रम लावताना खोटी आशा आणि भीती दोन्ही बाजूला ठेवा. ज्या कॉलेजला खरोखर जाल तीच नावं घाला आणि मनातला क्रम तसाच ठेवा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर मुदतीत जागा स्वीकारून कॉलेजात हजर व्हा. मूळ कागद देताना पोच मागा आणि प्रत्येकाच्या पाच-सहा साक्षांकित झेरॉक्स आधीच काढून ठेवा, कारण मूळ दाखले कॉलेजात अडकले की दुसरीकडे दाखवायला काही उरत नाही.

फीची सोय लगेच बघा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा असतो आणि तो दरवर्षी नव्याने. कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घटकांतल्या मुलींना २०२४-२५ पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम मिळते. संस्थास्तरावर, कॅपच्या बाहेर घेतलेल्या प्रवेशाला हे लाभ मिळत नाहीत, हे कुठलाही एजंट तुम्हाला सांगणार नाही.

हजेरी आणि एस.टी.

प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीचा नियम आहे. पत्राने किंवा ऑनलाइन घेतलेली एल.एल.बी. सनदेला चालत नाही, आणि एकाच वेळी दुसरी नियमित पदवीही करता येत नाही. "नुसती परीक्षा द्या, बाकी आम्ही बघतो" असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

लांबून येणाऱ्यांनी प्रवेशाआधी एकदा प्रत्यक्ष प्रवास करून पाहावा, तोही पावसातल्या सोमवारी. एस.टी.चा विद्यार्थी पास मासिक आणि स्वस्त पडतो. रेल्वेमार्गावर राहणाऱ्याला पॅसेंजर सोयीची, पण ती उशिरा धावते तेव्हा पहिलं लेक्चर बुडतं. माझी गाडी पावणेसहाची होती. डबा रात्रीच भरून ठेवायचे आणि जाताना तासाभरात एक केस वाचायचे. तीन वर्षांत त्या गाडीतच माझा अर्धा अभ्यास झाला.

एक फाइल धरा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. अभ्यासक्रमात करार, अपकृत्य, संविधान, कुटुंब कायदा, मालमत्ता हस्तांतरण, दिवाणी-फौजदारी प्रक्रिया, पुरावा असे विषय सुटे सुटे येतात आणि पाठ करून पासही होता येतं. पण पहिल्या वर्षीच तालुक्यातल्या एखाद्या सिनिअरकडे जाऊन नम्रपणे विचारा, "दुपारी बसू का?" नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करायचीच असते. तेवढ्यावर थांबू नका. तिथली एक फाइल धरा आणि तीन वर्षं तिच्या मागे राहा. फाइलमधली माणसं आणि त्यांची गुपितं बाहेर कुठेही बोलायची नाहीत, ही अट पहिल्या दिवसापासून पाळा.

मी धरली होती ती वाटपाच्या दाव्याची. सामाईक घर, पुढे कलमांची बाग, सातबारावर तेवीस नावं, त्यातली सोळा मुंबईत. वारस कोण आणि हिस्सा किती हे ठरवताना हिंदू उत्तराधिकार कायदा उघडावा लागला. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची मुलासारखीच हिस्सेदार झाली, आणि त्यासाठी वडील २००५ साली हयात असायला हवेत असं नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हे पुस्तकात वाचलं होतंच. पण सत्तरीची आत्या हक्कसोडीच्या कागदावर अंगठा द्यायला आली आणि सिनिअरनी तिला खुर्ची देऊन आधी तिचा हिस्सा समजावून सांगितला, तेव्हा ते मला कळलं.

त्याच फाइलने बाकीचं शिकवलं. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलापुरती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ती खरी मानतात, इतकंच. वाटपाच्या दाव्यात आधी कोणाचा हिस्सा किती हे ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा होतो. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, घरासाठी कोर्ट कमिशनर जातो. समन्स मुंबईच्या जुन्या पत्त्यावरून परत येतं आणि बेलिफाच्या एका शेऱ्यावर वर्ष जातं. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचायला शिका, नकलेचा अर्ज स्वतः लिहा, शिरस्तेदारांशी अदबीने बोला, साक्षीदाराचा सरतपास (त्याच्याच वकिलाने घेतलेला) आणि उलटतपास कान देऊन ऐका. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दाव्याचा सी.एन.आर. नंबर टाकून पुढची तारीख पाहायची सवय लावा.

कोकणातल्या विद्यार्थ्याने जमिनीचा कायदा इतरांपेक्षा दुप्पट वाचावा असं माझं ठाम मत आहे. इथली निम्मी भांडणं खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची पद्धत, आणि कुळांच्या इतिहासातून आली आहेत. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ मध्ये सुरू झाला, १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १९४९ चा कायदा येऊन खोती गेली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं तो दिवस. कूळकायद्याचं कलम ३२ ग (कुळाने जमीन विकत घेण्याचं) आणि ७० ब (कूळ आहे की नाही ते ठरवण्याचं) यांचा उल्लेख आजही आमच्या कोर्टात होतो. ज्याला हे माहीत नाही त्याला सातबाराच्या इतर हक्कातली एक ओळ वाचून काही उमगत नाही.

पुस्तकांबद्दल एक इशारा. सिनिअर मुलं आपली पुस्तकं स्वस्तात देतात, दिवाणी विषयांची घ्या. फौजदारीची घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले आहेत. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनी संहिताच लागू, म्हणून जुने आकडेही कानावर पडत राहतील. गाइडपेक्षा मूळ कायदा हातात ठेवा. इंडिया कोडच्या संकेतस्थळावर केंद्रीय कायदे फुकट मिळतात. परीक्षेत उत्तर लिहिताना आधी कलम, मग त्याचे घटक, मग निवाडा आणि शेवटी दिलेल्या प्रसंगाला ते कसं लागू पडतं हे लिहा.

सनद

शेवटचा निकाल लागला की बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणीचा अर्ज करायचा. ३० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोंदणी फी कायद्यात दिलेल्या रकमेहून जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. स्टॅम्प ड्युटी निराळी. पूर्ण पगाराची नोकरी करत सनद चालवता येत नाही, तेव्हा पतपेढीतली किंवा शाळेतली नोकरी सोडायची की नाही हे घरात आधी बोलून घ्या. पहिली दोन वर्षं उत्पन्न जेमतेमच असतं, त्यासाठी गाठीला थोडे पैसे हवेत.

त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. १०० प्रश्न, सर्वसाधारण उमेदवाराला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात, टिपांविना छापलेले मूळ कायदे सोबत नेता येतात. नोंदणीपासून दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हा. न्यायाधीश व्हायचं मनात असलेल्यांनी लक्षात ठेवावं की २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तराच्या परीक्षेला किमान तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणून नोंदणीला उशीर करू नका आणि वकीलपत्रावर, रोजनाम्यात तुमचं नाव येईल असं काम सिनिअरकडून मागून घ्या.

आता रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या नव्या वकिलाला एक गोष्ट माझ्या वेळेपेक्षा सोपी झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापूरला सुरू झालं आणि हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आले. रायगड अजून मुंबईकडेच. पूर्वी अपिलाची फाइल मुंबईच्या वकिलाकडे पाठवली की ती आपल्या हातून गेल्यासारखीच असे. आता घाट चढून कोल्हापूरला जायचं आणि आपण तालुक्यात चालवलेल्या दाव्याच्या अपिलात स्वतः उभं राहायचं, हे पहिल्या वर्षाच्या वकिलालाही जमण्यासारखं आहे. त्यासाठी इंग्रजीत मसुदा लिहायचा सराव लागतो, कारण तालुक्याचं कामकाज मराठीत चालत असलं तरी उच्च न्यायालयात इंग्रजीच. तो सराव कॉलेजच्या मसुदालेखनाच्या तासापासून सुरू करा. दर आठवड्याला धरलेल्या फाइलीतला एक मराठी अर्ज घ्या, तो इंग्रजीत लिहा आणि सिनिअरसमोर लाल पेन ठेवा.